एका दाराला दोन कुलपे : बडोद्यातील एका मराठी मंडळीचे प्रकरण

हे प्रकरण नमुना म्हणून रचले आहे. ते कुणा एका मंडळीचे, म्हणजे ख्रिस्ती उपासक समाजाचे, नाही. फुटीच्या उंबरठ्यावर आलेल्या मंडळ्यांत जे पुन्हा पुन्हा घडते, ते इथे एका छताखाली आणले आहे. त्यामुळे माणसे निनावी आहेत आणि मंडळीचे आकडे नमुन्याचे आहेत. कायदा, इतिहास आणि शास्त्रवचने मात्र जशी आहेत तशी.

रविवारी सव्वानऊला पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, फत्तेगंजमधल्या प्रार्थनामंदिरापाशी पोचले तेव्हा कडीला दोन कुलपे होती. एक नेहमीचे, पितळी. दुसरे नवे, शनिवारी रात्री लावलेले. पितळी कुलपाची चावी सेक्रेटरींकडे होती, नव्याची शनिवारच्या प्रार्थना गटाकडे. साडेनऊपर्यंत ओट्यावर सत्तरएक माणसे जमली. त्यांतल्या निम्म्यांना दुसरे कुलूप कोणी लावले ते ठाऊक होते, पण कुणी बोलले नाही. त्या दिवशी उपासना ओट्यावरच झाली. शुभवर्तमान वाचून झाल्यावर मागून एक काका म्हणाले, "पाळकसाहेब, दानार्पण कुणाच्या पेटीत टाकायचं तेवढं सांगा."

प्रकरण कुठे अडले होते, ते या प्रश्नातच दिसते. पण दोन्ही बाजूंच्या लेखी तक्रारी वाचल्या, तर वाद बाप्तिस्म्याचा आहे असे वाटले असते.

मंडळी कशी उभी राहिली

कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली. त्या सुमारास खत कारखाना, पेट्रोकेमिकल्स आणि रेल्वे यांच्या नोकऱ्यांवर महाराष्ट्रातून बरीच माणसे बडोद्यात आली. त्यांतली ख्रिस्ती कुटुंबे निरनिराळ्या प्रोटेस्टंट वळणांची होती. नगरकडची घरे अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे काँग्रिगेशनल. जालन्याकडची स्कॉटिश प्रेसबिटेरियन, नाशिक-शरणपूरची अँग्लिकन. त्यांना एकत्र आणले ते मराठीने. तेवीस कुटुंबे आधी एका क्वार्टरमध्ये जमायची. पुढे स्वतःची जागा झाली, स्वतःचा सार्वजनिक न्यास नोंदला गेला, आणि बाहेरून पाळक बोलावण्याची पद्धत पडली. आज बासष्ट कुटुंबे आहेत.

अशा मंडळीत एकी कधी कागदावर ठरवलेली नसते. ती सवयीची असते. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) कोणी गुडघे टेकून घेते, कोणी बसून. कोणाला प्रार्थनापुस्तक हवे, कोणाला उत्स्फूर्त प्रार्थना. पहिली पिढी सांभाळून घेते, कारण परगावात मराठी बोलणारा शेजारी मिळाला हेच तिला पुष्कळ वाटते. दुसऱ्या पिढीला ती गरज नसते. तिचे मित्र गुजराती, शाळा इंग्रजी माध्यमाची, गाणी हिंदी. मंडळीत येण्यासाठी तिला वेगळे कारण लागते. इथे ते शनिवारच्या गटाने दिले.

गट पाच वर्षांपूर्वी आठ तरुणांनी सुरू केला. गिटार, हिंदी भजने, दोन तास प्रार्थना. सेक्रेटरींनी आनंदाने हॉल दिला. पुढे एका पाहुण्या उपदेशकाच्या सांगण्यावरून अकरा जणांनी सिंधरोटजवळ मही नदीच्या पात्रात बुडवून बाप्तिस्मा घेतला. (विश्वामित्री अधिक जवळ, पण तिच्यात मगरी आहेत.) अकराही जणांचा बाप्तिस्मा तान्हेपणी याच मंदिरात झाला होता. त्यांतल्या चौघांचे आजोबा पंचमंडळात, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत, होते.

तक्रारीत काय होते, घरात काय निघाले

पंचांच्या पत्रात आठ मुद्दे होते आणि त्यांतले सहा सिद्धांताचे : पुनर्बाप्तिस्मा, भाषादाने (आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणे), अनधिकृत उपदेशक वगैरे. गटाच्या पत्रातही आठ, त्यांत पाच सिद्धांताचे : मृत परंपरा, आत्म्याला विरोध, नावापुरते ख्रिस्ती. दोन्ही पत्रांचा शेवट एकाच वाक्याने होता, "आम्ही कोणत्याही गटाचे नाही, आम्ही फक्त ख्रिस्ताचे." प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात तिथल्या मंडळीतले चार गट मोजले आहेत : मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा, आणि चौथा मी ख्रिस्ताचा. चौथ्याचे नाव कितीही शुद्ध असले तरी पौलाने तो गटांतच मोजला आहे. मध्यस्थाने हे वाक्य पाहिले की सावध व्हावे. स्वतःला गट न मानणारी बाजू तडजोड करत नाही, कारण सोडून द्यावे असे आपल्याकडे काही आहे असे तिला वाटतच नाही.

मध्यस्थ तिघे होते. नाशिकचे एक निवृत्त पाळक, एक निवृत्त मेट्रनबाई, आणि कॅथलिक पंथाचे एक चार्टर्ड अकाउंटंट. तिसऱ्या नावावर कुरकुर झाली. पण त्यांना इथे मताधिकार नव्हता, नातेवाईक नव्हते, आणि हिशेब येत होता. या मंडळीत असा दुसरा माणूस नव्हता. जाता जाता एक गोष्ट : दर वर्षी १८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताहात हीच मंडळी कॅथलिक आणि मेथॉडिस्ट शेजाऱ्यांबरोबर मेणबत्त्या लावून गात असे. घरातली दोन माणसे एकमेकांशी बोलत नव्हती ती वर्षेही त्यात आली. पाहुण्यांशी एकी सोपी असते. त्यांच्याबरोबर वीजबिल वाटून घ्यावे लागत नाही.

तिघांनी बासष्टही घरांना भेटी दिल्या. प्रत्येक भेटीला दोघे, वेळ पाऊण तास, एकूण पाच आठवडे. प्रत्येक घरात तेच चार प्रश्न : पहिल्यांदा मन कधी दुखावले? तुमच्याच्याने काय सोडवणार नाही? काय सोडता येईल? प्रभुभोजनाला कोणाशेजारी उभे राहणे जड जाईल? उत्तरे कार्डावर लिहिली, नाव न घालता. मग प्रत्येक घराचे मुख्य दुखणे कोणते, त्याप्रमाणे गठ्ठे केले. सिद्धांत ९ घरे, भाषा आणि उपासनेची पद्धत २१, पैसा १४, व्यक्तिगत अपमान १८.

पत्रांत सोळांपैकी अकरा मुद्दे सिद्धांताचे होते, आणि घरे फक्त नऊ. हा फरक म्हणजे ढोंग नव्हे. 'माझ्या मुलीला गायनवृंदातून काढलं' असे पत्रात लिहायची लाज वाटते, 'चुकीची शिकवण' लिहायची वाटत नाही. दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असे मंडळीत होते ते इथूनच. पंच बाप्तिस्म्यावर अभ्यासवर्ग घेतात आणि गायनवृंदातली मुलगी घरीच बसून राहते.

आधी काय फसले

मध्यस्थ येण्याआधी तीन उपाय करून झाले होते.

पहिला, सर्वसाधारण सभा. कुलपांनंतर आठच दिवसांत बोलावली, चार तास चालली. गटाच्या तीन पुढाऱ्यांना काढायचा ठराव ६१ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर झाला. चार मतांच्या बहुमताने मंडळी चालत नाही, फुटते मात्र. त्यात सभासद यादीच चुकीची होती. सेक्रेटरींच्या यादीत २०३ नावे. तपासल्यावर १४ जण पुण्या-मुंबईला कायमचे गेलेले निघाले आणि ६ मयत. १२ तरुण असे, की त्यांचे दृढीकरण (सहभागी सभासद करून घेण्याचा विधी) झालेले नव्हते, पण नावे घातलेली होती. खरे सहभागी सभासद १७१. मतदान केलेल्या ११८ जणांत या बारांपैकी नऊ जण होते. म्हणजे जिंकलेल्या बाजूला जिंकलो म्हणता येत नव्हते आणि हरलेल्या बाजूला हरलो. यादी स्वच्छ केल्याशिवाय हात वर करायला सांगू नये हा साधा नियम, आणि तो सर्वांत जास्त मोडला जातो.

दुसरा उपाय, मोठ्या पदावरच्या पाहुण्याचे प्रवचन. त्यांनी योहान १७ वर, म्हणजे शिष्यांच्या एकीसाठी येशूने केलेल्या प्रार्थनेवर, चाळीस मिनिटे सुंदर उपदेश केला, जेवले, संध्याकाळच्या गाडीने गेले. एक आजी म्हणाल्या, "उपदेश मिळाला हो, चावी नाही मिळाली."

तिसरा, व्हॉट्सअॅप. मंडळीच्या ग्रुपवर एका पंचांचा सव्वा मिनिटाचा आवाजी निरोप आला. तो दुसऱ्या कुणासाठी होता. मग खुलासा, खुलाशावर खुलासा. घरभेटींत अठरापैकी सात घरांनी अपमान म्हणून याच निरोपाचा उल्लेख केला.

मध्यस्थांकडूनही एक चूक झाली. दुसऱ्या आठवड्यात पाळक आणि मेट्रनबाई एका घरी दुपारी जेवले. सहज, आग्रह झाला म्हणून. संध्याकाळपर्यंत मांजलपूरपासून गोरव्यापर्यंत बातमी पोचली की "ते त्यांच्याकडचे आहेत". त्यानंतर नियम झाला : प्रत्येक घरी फक्त चहा, जेवण कुठेच नाही.

नव्वद दिवसांचा करार

मध्यस्थी सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंच्या तीन-तीन माणसांनी एका पानावर सह्या केल्या. मुदत नव्वद दिवस. त्यात वाद सोडवणारे एकही वाक्य नव्हते. तो फक्त आणखी चिघळू नये, एवढाच हेतू.

दोन्ही कुलपे काढायची. तिसरे नवे लावायचे, चावी वॉचमनकडे, रविवारी आठला आणि शनिवारी साडेसहाला उघडायचे. बँकेतून फक्त तीन खर्च : पाळकांचे मानधन, वीज-पाणी, वॉचमन. नव्वद दिवस नवा सभासद नाही, कोणाला काढणे नाही, बाप्तिस्मा नाही. ग्रुपवर फक्त अॅडमिन लिहील, आणि अॅडमिन दोन, प्रत्येक बाजूचा एक. रविवारची उपासना साडेनऊलाच, एकच, आणि व्यासपीठावरून वादाचा उल्लेख नाही. प्रार्थनेतही नाही. हे शेवटचे मुद्दाम लिहून घ्यावे लागते. 'हे प्रभू, जे भरकटले आहेत त्यांना...' असे डोळे मिटून म्हणता येते आणि समोरच्याला उत्तर देता येत नाही.

काढण्याचा ठराव रद्द केला नाही, स्थगित ठेवला. रद्द करा म्हटले असते तर एकसष्ट जण उठून गेले असते.

भाषा : एकवीस घरांचे दुखणे

तरुणांना मराठी वाचता येत नाही, असे पंचांचे मत होते. ते खरे नव्हते. हिंदीमुळे देवनागरी सगळ्यांना येते आणि घरी मराठी बोलतात. अडते ते शब्दांवर : तारण, अनुताप, कृपासन, नीतिमान ठरवणे. 'उपासना संगीत' या मराठी गीतपुस्तकातली पदे त्यांना चालीवरून येतात, अर्थावरून नाही. उलट बाजूला साठीच्या पुढच्यांना हिंदी भजनांचा अर्थ कळतो, पण पडद्यावरची ओळ वाचेपर्यंत पुढची येते. त्यांच्या हातातले पुस्तक गेले आहे, आणि दुखते ते तिथे.

इथे बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय जसा हवा तसा लागू पडतो. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. भाषेचा तंटा, पण वर आला तो वाटपाच्या रूपात. प्रेषितांनी प्रवचन केले नाही. सात माणसे निवडायला लावली, आणि स्तेफन, फिलिप्प यांच्यासह सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच वळणाच्या माणसांकडे कोठार गेले.

तोच हिशेब इथे केला. सात जणांची उपासना समिती नेमली, त्यांत चार शनिवारच्या गटाचे आणि तीन जुन्या गायनवृंदाचे. माईक, पेटी, प्रोजेक्टर आणि पदांची यादी पूर्णपणे त्यांच्याकडे. पाळकांना नकाराधिकार फक्त शिकवणीपुरता. आखणी अशी ठरली : पाच पदांपैकी तीन 'उपासना संगीता'तली, दोन नवी. जुन्या प्रत्येक पदाआधी त्यातल्या अवघड शब्दांचा अर्थ दोन वाक्यांत, तोही एका तरुणाने सांगायचा. उपदेश मराठीत बावीस मिनिटे, शेवटी चार मिनिटे हिंदी सार. सर्व पदांची मोठ्या अक्षरांतली छापील पाने ज्येष्ठांच्या हातात, पडदा असला तरी. पहिल्या महिन्यात दोन रविवारी आवाज इतका मोठा ठेवला की मागच्या बाकावरच्या आजोबांनी श्रवणयंत्र काढून खिशात टाकले. तिसऱ्या रविवारी समितीने स्वतःच खूण केली आणि मिक्सरच्या बटणावर चिकटपट्टी लावली. हुकूम सोडला असता तर त्यावर पुन्हा एक भांडण झाले असते.

बाप्तिस्मा : नऊ घरे, पण खरा प्रश्न

घरे थोडी म्हणून प्रश्न लहान नव्हता. दोन्ही बाजूंचा आधार शास्त्रातच आहे. बुडवून घेणारे रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय पुढे करतात : ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे. बालबाप्तिस्मावाले प्रेषितांची कृत्ये २:३९ सांगतात, वचन तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना आहे, आणि फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी, ज्याच्या घरच्या सर्वांचा बाप्तिस्मा त्याच रात्री झाला. हा वाद बडोद्यात सुटणार नव्हता आणि तो सोडवायची गरजही नव्हती. प्रश्न इतकाच होता की दोन्ही समजुतींची माणसे एका दप्तरात राहू शकतात का.

राहू शकतात, याचा दाखला परका नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा अँग्लिकन, ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट आणि प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल वारशाचे युनायटेड चर्च, हे बालबाप्तिस्मा देणारे, एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला बॅप्टिस्ट, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि चर्च ऑफ द ब्रेद्रन. ब्रेद्रन तर तीन वेळा बुडवून बाप्तिस्मा देणारे, आणि त्यांचे मुख्य क्षेत्र दक्षिण गुजरात. नव्या चर्चने दोन्ही पद्धती मान्य केल्या. (अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले, म्हणून बडोद्यात मेथॉडिस्ट चर्च आजही वेगळे.) पुढे जागतिक चर्च परिषदेच्या १९८२ च्या लिमा दस्तऐवजात जागतिक पातळीवर हेच सूत्र आले : बाप्तिस्मा एकदाच होतो, आणि पुनर्बाप्तिस्मा वाटेल अशी कृती टाळावी.

त्यावरून करारात चार वाक्ये लिहिली. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा पुन्हा करायचा नाही. आईवडील बालबाप्तिस्मा किंवा अर्पणविधी (पाण्याविना बाळ देवाला अर्पण करणे) यांपैकी एक निवडतील, आणि अर्पणविधी निवडणाऱ्याला कमी लेखले जाणार नाही. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याला बुडवून हवा असेल तर मंडळीचे पाळक तो देतील. आणि तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्याला आपला विश्वास जाहीर करायचा असेल तर पुनरुत्थानदिनी (ईस्टरला) सर्वांसमोर बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण.

मग त्या अकरा जणांचे काय? इथे चर्चा तीन आठवडे अडली. पंच म्हणत, त्यांनी पश्चात्ताप करावा. मुले म्हणत, आमच्या आयुष्यातला सर्वांत खरा दिवस खोटा म्हणून लिहून द्यायचा का? दरम्यान कुणीतरी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत चार नावांपुढे जुन्या तारखेवर काट मारून नवी लिहून ठेवली होती. एका माणसाच्या दोन तारखा झाल्या की दाखला कोणत्या तारखेचा द्यायचा? तोडगा नोंदवहीतूनच निघाला. मूळ तारीख कायम. काट मारलेल्या जागी पाळकांची सही आणि दिनांक, खोडरबर किंवा पांढरी शाई नाही. शेरा रकान्यात एक ओळ : 'अमुक दिनांकास विश्वास जाहीर केला.' महीतल्या त्या दिवसाला दुसरा बाप्तिस्मा म्हटले नाही आणि खोटाही म्हटले नाही. अकरापैकी दहा जणांनी मान्य केले.

एक गोष्ट गटाला आधी कुणी सांगितली नव्हती. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न लावण्याचा अधिकार नसलेल्याने ते लावले, तर कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पाहुण्या उपदेशकाकडे परवाना नव्हता आणि गटात दोन लग्ने ठरत होती. मेट्रनबाईंनी हे सभेत न सांगता दोन्ही घरी जाऊन सांगितले. सभेत सांगितले असते तर ती धमकी ठरली असती.

पैसा आणि दप्तर

शनिवारी दान एका तरुणाच्या खासगी क्यूआर कोडवर जात असे. चौदा महिन्यांत जमा १,८६,४०० रुपये, खर्च १,३१,२५०, शिल्लक ५५,१५०. खर्चापैकी १,०९,९०० ची बिले होती आणि २१,३५० ची नव्हती. त्यातली बरीच रक्कम रुग्णांना रोख दिलेली. पंचांनी आधीच 'अफरातफर' हा शब्द वापरून ठेवला होता.

अकाउंटंटसाहेबांनी एकच अट घातली : मंडळीचे मुख्य खातेही त्याच मापाने तपासायचे. त्यात नाताळच्या जेवणासाठी गोळा केलेले १२,६०० रुपये निघाले. पावती पुस्तकात नाहीत, बँकेत नाहीत, थेट आचाऱ्याला गेलेले. चोरी कुठेच नव्हती, ढिलाई दोन्हीकडे होती. दोन्ही तक्ते एकाच कागदावर शेजारी शेजारी छापले आणि त्या दिवसानंतर 'अफरातफर' हा शब्द कुणी उच्चारला नाही. बिनबिलाच्या प्रत्येक खर्चाला दोन सह्यांचे व्हाउचर झाले, शिल्लक न्यासाच्या खात्यात आली, खासगी कोड बंद झाला. शनिवारच्या दानासाठी न्यासाच्याच नावाचा वेगळा क्यूआर कोड घेतला. त्यातली निम्मी रक्कम कुठे खर्च करायची ते गट ठरवतो, धनादेशावर सही मात्र विश्वस्तांची.

पैशांपेक्षा मोठा खड्डा दप्तरात होता. गुजरातच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. इथे शेवटचा रिपोर्ट आठ वर्षांपूर्वीचा. मधल्या दोन निवडणुकांची नोंदच नव्हती. कार्यालयाच्या लेखी विश्वस्त सात : त्यांतले दोन मयत, एक कॅनडात. ज्यांनी ठराव करून तिघांना काढले ते स्वतःच कागदावर विश्वस्त नव्हते. गटाच्या वकिलांच्या हे लक्षात आले होते आणि दाव्याचा मसुदा तयार होता.

दावा का टाळायचा, यासाठी १ करिंथ ६ पुरेसे आहे : भावाभावांनी एकमेकांना न्यायालयात खेचू नये. पण गुजरातमध्ये त्याहून जवळचे उदाहरण आहे. १९७० मध्ये ब्रेद्रन मंडळीने ठराव करून नव्या चर्चमध्ये प्रवेश केला. काही वर्षांनी एक भाग बाहेर पडला आणि मालमत्ता कोणाची हा वाद न्यायालयात गेला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : नुसत्या ठरावाने विलीनीकरण होत नाही. संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे जुनी संस्था रीतसर विसर्जित व्हायला हवी, त्याला किमान तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते, आणि न्यासाची मालमत्ता न्यास कायद्याच्या वाटेनेच जाते. श्रद्धेने कुठे जायचे ते माणसे ठरवू शकतात, जमीन आणि इमारत आपोआप त्यांच्यामागे जात नाही. निकालाच्या त्रेचाळीस वर्षे आधी प्रार्थनेने झालेली एकी कागदात उतरली नव्हती, आणि त्याची किंमत दोन पिढ्यांनी मोजली.

म्हणून इथे क्रम पाळला. आधी पहिल्या निवडणुकीचा रिपोर्ट, मग दुसऱ्या निवडणुकीचा, दोन्हींबरोबर उशीर माफीचा अर्ज. उलटे करून चालत नाही : दुसऱ्या निवडणुकीची सभा बोलावणारेच पहिल्या निवडणुकीतून आलेले, त्यांचीच नोंद नसेल तर सभा कोणी बोलावली हा प्रश्न उभा राहतो. रिपोर्टला जोडलेल्या ना-हरकत पत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत. हरकत आली असती तर चौकशी लांबली असती.

मेज

वाद चालू असताना प्रभुभोजन थांबवावे का? मत्तय ५:२४ पाहिले तर आधी समेट, मग दान. पण थांबवले तर पुन्हा सुरू करायची तारीख भांडणाचा नवा विषय होते. ठरले असे की दर महिन्याचा पहिला रविवार चुकवायचा नाही. ज्याला जड जाईल त्याने बसून राहावे, कुणी विचारायचे नाही. पहिल्या वेळी ३८ जण पुढे आले, तिसऱ्या वेळी ९४, सहाव्या वेळी १२६.

गुडघे टेकणे की बसणे, यावर तोडगा म्हणून सगळे उभे राहतात. कोणाचीच जुनी सवय नाही, म्हणून कोणीच हरले नाही. पेल्याबाबत लहान कप, पण सर्वांसमोर एकाच सुरईतून भरलेले. गुजरातेत दारूबंदी असल्याने रस घरीच होतो : अर्धा किलो काळ्या मनुका दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, त्याच पाण्यात वीस मिनिटे उकळायच्या, कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. सव्वा लिटरच्या आसपास रस मिळतो, दहा मिलीचे सव्वाशे कप सहज. साखर घालू नये. आदल्या दिवशी दुपारी केला तर फ्रीजमध्ये ठेवावा, मे महिन्यात एकदा ठेवला नाही आणि सकाळी फेस आला. हे काम आलटून पालटून दोन घरांनी मिळून करायचे, एक या बाजूचे आणि एक त्या. पहिल्या जोडीत गायनवृंदातल्या मुलीची आई होती आणि जिने मुलीला काढले ती वृंदप्रमुख. मनुका कुस्करायला अर्धा तास लागतो.

वर्षानंतर

तिघांना काढण्याचा ठराव १७१ जणांच्या स्वच्छ यादीवर पुन्हा मतदानाला आला आणि १०९ विरुद्ध २२ मतांनी मागे घेतला गेला. शनिवारचा गट मंडळीचा अधिकृत उपक्रम झाला, वेळ सात ते नऊ. बाहेरचा उपदेशक आणायचा तर पाळकांना पंधरा दिवस आधी नाव कळवायचे. पंचमंडळात पस्तिशीखालचे दोघे निवडून आले. चेंज रिपोर्टांपैकी पहिला मंजूर आहे, दुसऱ्याची तारीख पडते आहे.

सात कुटुंबे गेली. पाच जुन्या बाजूची, ज्यांना शेरा रकान्यातली ओळही मान्य झाली नाही. दोन गटातली, त्यात तो अकरावा मुलगा. त्यांना काढले नाही, सभासदत्वाची पत्रे दिली. पत्रात बाप्तिस्मा, दृढीकरण आणि 'मंडळीत चांगल्या साक्षीने होते' हे वाक्य, दोन्ही बाजूंच्या पत्रांत शब्दशः सारखे. करारात त्यांच्यासाठी एक कलम आहे : गेलेल्या कुटुंबांचा मंडळीच्या वाट्याच्या दफनभूमीतला हक्क कायम राहील आणि दफनविधीला जागा, खुर्च्या व घंटा विनाशुल्क मिळेल.

ते कलम पहिल्यांदा ऑक्टोबरात वापरले गेले. दफनाच्या नोंदवहीत 'मंडळी' असा एक रकाना आहे. तिथे काय लिहायचे म्हणून नव्या सेक्रेटरींनी पाळकांना फोन केला. पाळकांनी विचारले, "आधीच्या पानावर काय आहे?" आधीच्या पानावर होते 'येथील'. त्यांनी तेच लिहिले.